घरातलं कॅलेंडर घरातच ठेवताना

कॅलेंडरमधल्या एका नोंदीची फाइल उघडून बघू. नाव लांबलचक, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचं, शेवटी 'आयसीएस'. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर आत पंधराएक ओळी. 'समरी' या शब्दापुढे लिहिलंय: 'आई, डोळ्यांची तपासणी'. 'डीटीस्टार्ट'पुढे तारीख आणि वेळ एकमेकांना चिकटून, आधी आठ आकडे, मग 'टी', मग सहा आकडे. त्याच ओळीत 'आशिया/कोलकाता', म्हणजे ही वेळ कुठल्या घड्याळाची ते. खाली 'व्हीअलार्म' नावाचा छोटा पोटभाग, त्यात 'उणे पीटी१एच', म्हणजे तासभर आधी आठवण करून दे. आणि 'यूआयडी' हे नोंदीचं ओळखपत्र, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही नोंदीला नसावं अशी अपेक्षा असते.

झालं. फोनच्या पडद्यावर जो निळा चौकोन दिसतो, तो आतून एवढाच. या लिखाणाच्या पद्धतीला आयकॅलेंडर म्हणतात. ती १९९८ सालची, २००९ मध्ये सुधारून पुन्हा काढलेली. म्हणजे आपल्याकडे मोबाइलवर बोलायला मिनिटाला कित्येक रुपये पडायचे, तेव्हापासूनची.

कॅलेंडर सर्व्हर म्हणजे अशा फायलींनी भरलेला डबा आणि त्या डब्यापाशी बसवलेला एक कारकून. फोन येऊन विचारतो, 'मागच्या वेळेनंतर काय बदललं?' कारकून तेवढ्याच फायली काढून देतो. फोन म्हणतो, 'ही नवी नोंद ठेव', तो ठेवतो. ही देवाणघेवाण कुठल्या भाषेत करायची ते ठरवलं कॅलडाव्ह नावाच्या प्रमाणाने, २००७ मध्ये. भाषा ठरलेली असल्यामुळे कारकून कुठल्याही कंपनीचा असला तरी आयफोन, थंडरबर्ड (कॉम्प्युटरवरचं ईमेल-कॅलेंडरचं सॉफ्टवेअर) आणि अँड्रॉइडवरची काही अ‍ॅप्स त्याच्याशी बोलू शकतात. स्वतःचा सर्व्हर टाकता येतो तो या एका गोष्टीच्या जोरावर.

आमच्या घरी हे का सुरू झालं? फार मोठ्या तत्त्वासाठी नाही. आईच्या औषधांच्या तारखा, डॉक्टरांकडच्या फेऱ्या, भाऊ न्यू जर्सीहून कधी येणार, घर कोणत्या आठवड्यात रिकामं असणार, हे सगळं एकत्र वाचलं तर आमच्या घराची कुंडलीच होते. ती दुसऱ्याच्या कपाटात का ठेवायची, एवढाच प्रश्न होता. शिवाय एक जुना लॅपटॉप धूळ खात पडलेला होता, आणि माझ्यासारख्या माणसाला तेवढं कारण पुरतं.

आता कारकून कुठला निवडायचा. नेक्स्टक्लाउड सगळ्यांना माहीत असतं. त्यात कॅलेंडर आहे, पण फायली, फोटो, चॅट असा अख्खा वाडाही आहे. फक्त कॅलेंडरसाठी ते टाकणं म्हणजे चहा करायला चूल बांधण्यासारखं. बायकाल हा पीएचपीमध्ये लिहिलेला आहे आणि डेटा एसक्यूलाइट किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो. ज्यांच्याकडे आधीच वेबसाइटचं होस्टिंग आहे त्यांना तो बरा. मी घेतला रॅडिकाले. पायथनमधला, फ्रान्समध्ये जन्मलेला, २००८ पासून चालू असलेला. त्याला डेटाबेस लागत नाही. वर दाखवली तशी प्रत्येक नोंदीची एक फाइल, प्रत्येक कॅलेंडरचा एक फोल्डर. काही बिघडलं तर डोळ्यांनी बघता येतं, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण.

लॅपटॉपवर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, होतं. डेबियनच्या भांडारात रॅडिकाले आहे, त्यामुळे नेहमीच्या 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल'ने तो येतो. स्वतःचा वेगळा यूजर तयार करतो, सेटिंगची फाइल 'ईटीसी' खाली आणि डेटा 'व्हार-लिब' खाली ठेवतो. सेटिंगच्या फाइलमध्ये तीन कप्पे बघायचे: सर्व्हर, ऑथ आणि स्टोरेज. सर्व्हरमध्ये कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर, म्हणजे मशीनच्या कितव्या दारावर, ऐकायचं ते. पोर्ट ५२३२, आणि सुरुवातीला तो फक्त त्याच मशीनवरून आलेल्या हाका ऐकतो. ऑथमध्ये आत कुणाला सोडायचं ते. इथे एक गंमत आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये काहीच न ठरवता सर्व्हर चालू केला तर कोणतंही नाव आणि कोणताही पासवर्ड चालायचा. ३.५ पासून उलट झालं: काही ठरवलं नाही तर कुणालाच आत घेत नाही. इंटरनेटवरच्या जुन्या पाककृती वाचून टाकणाऱ्यांनी हे आधी तपासावं, कारण दोन्ही वेळा माणूस गोंधळतो. एकदा सगळं उघडं राहतं आणि कळत नाही, एकदा पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही.

घरासाठी 'एचटीपासवर्ड' हा प्रकार पुरतो. एका फाइलमध्ये ओळीला एक माणूस, पुढे त्याचा पासवर्ड बीक्रिप्टने दळून ठेवलेला. दळलेल्या पिठातून गहू परत मिळत नाहीत, तसा या फाइलवरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही. बीक्रिप्टसाठी पायथनचं एक छोटं पॅकेज वेगळं टाकावं लागू शकतं. नसलं तर सर्व्हर सुरूच होत नाही आणि 'जर्नल-सीटीएल'मध्ये, म्हणजे मशीनच्या लॉगमध्ये, तसं स्पष्ट लिहून जातो. लॉग वाचायची सवय इथेच लावून घेतलेली बरी.

मग सर्व्हिस चालू केली, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, लॉग-इनचं साधंसं पान आलं, 'घर' नावाचं कॅलेंडर तयार केलं. चहा थंड व्हायच्या आत झालं. पुढचे दोन महिने मी ज्यात घालवले तो भाग यानंतरचा: डब्यापर्यंतचा रस्ता, दाराचं कुलूप, आणि डबा हातातून पडला तर काय.

आधी फोन जोडण्याबद्दल, कारण ते पटकन होतं. आयफोनला कॅलडाव्ह जन्मजात येतं. सेटिंगमध्ये कॅलेंडरच्या खात्यांत जायचं, 'अदर' निवडायचं, पत्ता-नाव-पासवर्ड द्यायचा. अँड्रॉइडला येत नाही, तिथे डाव्हएक्स५ नावाचं अ‍ॅप मधे लागतं. ते स्वतः कॅलेंडर दाखवत नाही, सर्व्हरवरच्या नोंदी फोनच्या अंगभूत कॅलेंडरसाठ्यात आणून ओततं. मग तुम्ही रोजचं जे कॅलेंडर अ‍ॅप वापरता त्यातच त्या दिसतात. आईच्या फोनवर मी सगळं जोडलं तेव्हा तिला काही बदललेलं जाणवलंच नाही. याहून चांगली पावती नको.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवायला हवी. मोठ्या कंपन्यांच्या कॅलेंडरमध्ये इकडे लिहिलं की क्षणात तिकडे दिसतं. इथे तसं होत नाही. फोन ठरावीक वेळाने जाऊन विचारतो. डाव्हएक्स५ मुळात चार तासांनी विचारतं, ते कमी करून पंधरा मिनिटांवर आणता येतं. 'मी आत्ता टाकलं, तुला कसं दिसत नाही?' हे वाक्य पहिल्या आठवड्यात आमच्याकडे दिवसातून तीनदा यायचं.

आणि दोघांनी एकाच वेळी तीच नोंद बदलली तर? प्रत्येक नोंदीच्या प्रत्येक रूपाला एक ठसा असतो, त्याला ईटॅग म्हणतात. फोन बदललेली नोंद पाठवताना सांगतो, 'माझ्याकडे अमुक ठशाची प्रत होती, तिच्यावर हा बदल.' मधल्या काळात बायकोने वेळ बदललेली असेल तर ठसा जुळत नाही आणि सर्व्हर ४१२ हा आकडा देऊन परत पाठवतो. म्हणजे आधी नवी प्रत घेऊन जा, मग बोल. आपल्याकडे रेशनच्या दुकानात कार्डावरची नोंद आणि दुकानदाराची वही जुळली नाही की काय व्हायचं, तसंच. फक्त इथे वाद होत नाही.

आता रस्ता. घरात वायफायवर सगळं चालत होतं. बाहेरून चालावं म्हणून मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून आलेली हाक सर्व्हरकडे वळवली, डोमेन घेतलं, पत्ता लावला, आणि दोन संध्याकाळी डोकं आपटलं. काही केल्या बाहेरून पोचेना. तिसऱ्या दिवशी राउटरच्या स्टेटसच्या पानावर बाहेरचा पत्ता नीट वाचला. तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांना आपापल्या जाळ्याच्या आत वापरायला २०१२ मध्ये राखून दिलेले आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. जगाला दिसणाऱ्या एकाच पत्त्यामागे शेकडो घरं बसवलेली असतात. मोठ्या सोसायटीचा एकच टपालाचा पत्ता आणि आत फ्लॅटनंबर फक्त वॉचमनला माहीत, असा प्रकार. तुम्ही आपल्या दारावर कितीही मोठी पाटी लावा, पोस्टमन गेटवरूनच परत जाणार. नेटवाल्याला फोन केला तर म्हणाला, "सर, स्टॅटिक आयपी घ्या ना, वर्षाचे वेगळे पैसे." राउटरचं ते एक पान पहिल्याच दिवशी वाचलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

सीजीनॅटमधून वाट काढायचे मार्ग तीन. स्टॅटिक, म्हणजे जगाला दिसणारा स्वतःचा पक्का पत्ता विकत घ्या. किंवा कुठेतरी छोटं मशीन भाड्याने घेऊन सर्व्हर तिकडेच ठेवा, पण मग 'घरातलं घरात' हा मुद्दा अर्धा गेला. किंवा खाजगी बोगदा काढा, म्हणजे इंटरनेटमधूनच आपल्या मशीनांपुरता बंदिस्त रस्ता. बोगद्यासाठी वायरगार्ड उत्तम आहे, २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आला. पण त्यालाही दोनांपैकी एक टोक जगाला दिसणारं लागतं, आणि आमची दोन्ही टोकं सोसायटीच्या आत. टेलस्केल हे वायरगार्डवरच बांधलेलं आहे आणि दोन लपलेल्या टोकांची गाठ घालून देतं. मात्र गाठ घालून देणारा मध्यस्थ त्या कंपनीचा असतो. तुमच्या नोंदी तो वाचू शकत नाही, पण तो तिथे आहे हे माहीत असावं.

माझ्या फोनवर मी टेलस्केल ठेवलं. आईच्या फोनवर ठेवलंच नाही, आणि हे जाणूनबुजून. कारण कॅलडाव्हची एक बाजू नवशिक्यांच्या लक्षात येत नाही: फोनकडे कॅलेंडरची पूर्ण प्रत असते. सर्व्हर पोचण्याच्या बाहेर असला तरी नोंदी दिसतात, आठवणी वाजतात, नवी नोंदही लिहिता येते. ती घरी आल्यावर वायफाय मिळालं की आपोआप वर जाते. आई भाजीला जाते, भिशीला जाते, देवळात जाते, संध्याकाळी घरी असते. तिला चोवीस तास पोचणारा सर्व्हर लागतच नाही. बहुतेक घरांना नाही लागत. मी पहिल्या दिवसापासून तो सगळ्या जगातून पोचला पाहिजे म्हणून जिवाचा आटापिटा करत होतो.

कुलूप म्हणजे एचटीटीपीएस, वाटेतला मजकूर दुसऱ्याला वाचता येऊ नये अशी पद्धत. रॅडिकाले पासवर्ड विचारतो, पण वाटेत तो पासवर्ड उघडाच जात असेल तर काय उपयोग. म्हणून सर्व्हर ५२३२ वर फक्त आतल्या आत ऐकत ठेवायचा आणि त्याच्या पुढ्यात कॅडी नावाचा द्वारपाल बसवायचा. त्याची सेटिंगची फाइल दोन-तीन ओळींची: आपलं डोमेन आणि आलेली हाक आत कुठे द्यायची ते. लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत प्रमाणपत्र तो स्वतः आणतो आणि मुदत संपायच्या आत स्वतःच नवं करतो. सर्व्हर बाहेरून दिसत नसेल तर प्रमाणपत्रासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या यादीत, खूण ठेवून मालकी दाखवायची सोय आहे. त्यासाठी कॅडीला तुमच्या डीएनएसवाल्याचं प्लगइन जोडावं लागतं. थोडी खटपट आहे, पण एकदाच.

मशीनबद्दल दोन शब्द. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर लोकांना आवडतो, छोटा आणि वीज कमी खाणारा. पण आपल्याकडे लाइट जाते. लिहिता लिहिता लाइट गेली की पायचं सगळं ज्यावर साठतं ते एसडी कार्ड कधी ना कधी मान टाकतं. शिवाय पायच्या चौथ्या पिढीपर्यंत त्यात स्वतःचं घड्याळ नाही. लाइट आल्यावर नेट यायच्या आधी तो चुकीच्या तारखेत जागा होतो, आणि चुकीच्या तारखेला प्रमाणपत्रं खोटी वाटतात. जुना लॅपटॉप म्हणजे अंगभूत यूपीएस असलेला सर्व्हर. फक्त झाकण मिटल्यावर झोपू नको असं त्याला लिनक्सच्या 'लॉगइनडी'च्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं. राउटरमध्ये त्याचा आतला पत्ता पक्का करून टाकायचा. आणि चार्जिंग साठ-ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावायची, नाहीतर कायम भरलेली बॅटरी फुगते.

हे सगळं मी इतक्या खात्रीने लिहितोय कारण मधे काही काळ मी सर्व्हर पायवर नेला होता आणि कार्ड गेलं होतं. पण कार्ड जाणं ही खरी चूक नव्हती. खरी चूक त्यानंतरची.

नवं कार्ड आणलं, रॅडिकाले पुन्हा टाकला, 'घर' नावाचं कॅलेंडर पुन्हा तयार केलं आणि फोन जोडला. मनात हिशेब साधा होता: फोनवर सगळ्या नोंदी आहेतच, त्या वर जातील. डाव्हएक्स५ने सर्व्हरला विचारलं, तुझ्याकडे कुठली कॅलेंडरं आहेत? सर्व्हर म्हणाला, एक, नवं, रिकामं. आतून पत्ता वेगळा असल्यामुळे नाव सारखं असून ते कॅलेंडर नवीनच होतं. जुनं सर्व्हरवर नाही म्हणजे मालकाने काढून टाकलं असणार, असा फोनने अर्थ लावला आणि इमानदारीने स्वतःकडचंही पुसलं. कॅलडाव्हमध्ये सर्व्हर सांगेल ते खरं. बायकोच्या फोननेही पंधरा मिनिटांत तेच केलं. दोन वर्षांच्या नोंदी डोळ्यांदेखत गेल्या.

वाचवलं ते थंडरबर्डने. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर तो होता, आणि मी आठवडाभर तो उघडला नव्हता. आधी वायफाय बंद केलं, मग थंडरबर्ड उघडला. त्याच्या पोटातली प्रत शाबूत होती. ती एका आयसीएस फाइलमध्ये बाहेर काढली, ती फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, आणि मगच श्वास सोडला.

तेव्हापासूनचा नेम असा. सर्व्हर नव्याने उभा करायचा असेल तर आधी सगळ्या फोनवरचं सिंक बंद. मग बॅकअपमधला फोल्डर जसाच्या तसा जागेवर, आणि त्याची मालकी रॅडिकालेच्या यूजरकडे. हे विसरलं की लॉगमध्ये परवानगी नाकारल्याच्या ओळी दिसतात आणि ब्राउझरमध्ये काहीच दिसत नाही. मग ब्राउझरमधून नोंदी बघून खात्री, आणि सगळ्यात शेवटी फोन. बॅकअप रोज रात्री होतो. अख्ख्या घराच्या काही वर्षांच्या नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एका लग्नाच्या व्हिडिओहून लहान असतात, त्यामुळे जागेचं निमित्त सांगता येत नाही. शिवाय स्टोरेजच्या कप्प्यात 'हुक' नावाची सोय आहे. प्रत्येक बदलानंतर गिट हे फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर चालवायला सांगितलं की कुठली नोंद कधी बदलली याचा इतिहासही राहतो.

राहता राहिल्या तारखा, ज्यात आयकॅलेंडर कधी चोख असतं आणि कधी अगदी परकं. बँकांचा दुसरा आणि चौथा शनिवार सांगायचा असेल तर पुनरावृत्तीच्या एका ओळीत भागतं: दर महिन्याला, '२एसए, ४एसए'. वाढदिवस मात्र 'दिवसभर' म्हणूनच टाकावा. मी एकदा आईचा वाढदिवस १२ जूनला मध्यरात्री बारा अशी वेळ घालून लिहिला. भावाच्या फोनवर न्यू जर्सीत तो ११ जूनला दुपारी अडीचला वाजला. चूक फोनची नव्हती, त्या क्षणी तिथे खरोखर तेवढेच वाजलेले असतात. 'दिवसभर'च्या नोंदीत फक्त तारीख जाते, घड्याळ जात नाही, म्हणून ती जगात कुठेही १२ जूनच राहते.

आणि संकष्टी? आईचा पहिला प्रश्न हाच होता. "एकदा टाकलीस की दर महिन्याला येईल ना?" नाही येत. पुनरावृत्तीचा नियम वार आणि तारखा जाणतो, चंद्र जाणत नाही. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाला धरून सरकते, संकष्टीला तर त्या गावचा चंद्रोदयही बघावा लागतो. अण्णांचं श्राद्ध, घटस्थापना, सगळ्याचं तेच. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास भिंतीवरचं नवं कॅलेंडर घरात आलं की आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसतो. ती चष्मा लावून महिन्यामागून महिना वाचते, मी एका स्प्रेडशीटमध्ये भरतो, आणि एक छोटी पायथन स्क्रिप्ट त्याची आयसीएस फाइल करून सर्व्हरवर टाकते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, संकष्ट्या तेरा. मी बारा भरून उठत होतो, तिने हात धरून बसवलं.